ढकलणारा हात: पक्षाघातानंतर कमोडपर्यंत पोहोचण्याचा एक प्रकरण अभ्यास

काकू ६१ वर्षांच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या हिशेबनीस. मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला रक्त पुरवणारी मधली धमनी गुठळीने बंद पडली आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. जिवावरचं संकट टळून त्या पुनर्वसन विभागात आल्या तेव्हा फाइलच्या पहिल्याच पानावर शेरा होता: ‘बसवताना सहकार्य करत नाहीत.’ पलंगावरून खुर्चीत न्यायला दोन माणसं लागायची आणि तरी रोज ओढाताण व्हायची. लघवी-शौच डायपरमध्ये. बोलणं शाबूत, स्मरणशक्ती बरी, आकडेमोड तर आमच्यापेक्षा जलद.

त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलं ते ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या शाखेच्या, एका इंटर्नने; देखरेख माझी होती. ती त्यांना काकू म्हणायची, म्हणून इथेही काकूच. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. रुग्णाला पुन्हा हिंडतंफिरतं करायला शिकताना विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतात: आपला हात कधी लावायचा आणि कधी काढून घ्यायचा. या प्रकरणात ती जागा फार स्पष्ट दिसते, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

काकूंना काय हवं होतं

पहिल्या भेटीत इंटर्नने कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर, म्हणजे सीओपीएम, भरून घेतलं. ही मुलाखतीतून भरायची मोजपट्टी. रोजच्या जगण्यात काय अडतंय ते रुग्णच सांगतो, त्याचं महत्त्व १ ते १० मध्ये ठरवतो, आणि मग ते सध्या किती जमतं व त्यावर आपण किती समाधानी आहोत यालाही गुण देतो. ‘मला चालायचंय’ असं उत्तर येईल अशी इंटर्नची अपेक्षा होती. काकू म्हणाल्या, “चालण्याचं पुढे बघू. मला कमोडवर बसता आलं पाहिजे. हे डायपर मला नको.” महत्त्व १०, जमतं १, समाधान १.

इंटर्नला उद्दिष्ट जरा लहान वाटलं. मी तिला त्या एका कामाचे तुकडे पाडायला सांगितले. कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला येऊन बसणं, तोल सांभाळणं, उठणं, वळणं, एका हाताने कपडे खाली करणं, स्वतः न पाहता मागच्या सीटवर बसणं, स्वच्छता करण्यासाठी एका कुल्ल्यावर भार घेणं, पुन्हा उठणं, कपडे वर ओढणं, आणि हे सगळं चिंचोळ्या जागेत, बहुतेकदा घाईत. सरळ रस्त्यावर पाच पावलं टाकणं यापुढे सोपं आहे. कागद भरल्यावर तिने पुन्हा कधी ‘लहान’ म्हटलं नाही.

तपासणीत काय दिसलं

डाव्या खांद्यात थोडी हालचाल होती, बोटांत नव्हती. डावा गुडघा बसल्या जागी अर्धवट सरळ व्हायचा. कोपराचा टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ मोजपट्टीवर १+, म्हणजे थोडाच वाढलेला. डाव्या खांद्याचा सांधा खाली उतरलेला, बोट मावेल एवढी फट जाणवत होती. त्याचा अर्थ पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी पाळायचा नियम: त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून उचलायचं नाही. (वॉर्डात काखेत हात घालून उचलण्याची सवय इतकी खोल रुजलेली असते की हा नियम पलंगाच्या उशाशी लिहून लावावा लागला.)

स्टार कॅन्सलेशन चाचणीत कागदावर विखुरलेल्या ५४ लहान चांदण्या खोडायच्या असतात; ४४ पेक्षा कमी खोडल्या तर एका बाजूकडे दुर्लक्ष, म्हणजे निग्लेक्ट, असल्याचं धरतात. काकूंनी २१ खोडल्या, त्या जवळजवळ सगळ्या कागदाच्या उजव्या भागातल्या. रोजची कामं स्वतः किती जमतात ते मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकात पलंग ते खुर्ची या ट्रान्सफरला १५ पैकी ५, शौचालयाच्या वापराला १० पैकी ०.

हे सगळं अशा पक्षाघातात अपेक्षितच होतं. कोडं होतं ते बसण्यात. पलंगाच्या कडेला बसवलं की काकूंचा उजवा, म्हणजे चांगला, हात गादीवर रोवला जायचा, कोपर ताठ व्हायचं आणि त्या स्वतःलाच डावीकडे, लुळ्या बाजूला, ढकलायच्या. उजवा पायही बाहेर पसरून तेच करायचा. साधारणपणे पक्षाघाताचा रुग्ण डावीकडे कलंडायला लागला की चांगल्या हाताने काहीतरी पकडून स्वतःला सावरतो. इथे चांगला हातच पाडत होता. इंटर्नने, कुणीही करेल तसं, त्यांना कमरेला धरून मध्यावर आणायचा प्रयत्न केला. ती जितकं उजवीकडे खेचेल तितक्या जोराने काकू डावीकडे रेटायच्या, आणि ओरडायच्या, “अगं, पाडतेस का मला!”

फाइलमधला तो शेरा कसा आला असेल हे त्या क्षणी दोघींच्याही लक्षात आलं.

हट्ट नव्हे, हललेला ओळंबा

या वागण्याचं नेमकं वर्णन फिजिओथेरपिस्ट पॅट्रिशिया डेव्हिस यांनी १९८५ मध्ये केलं. पुशर सिंड्रोम हे नाव त्यांचंच. ओळखायची खूण तीन गोष्टींत आहे: शरीर लुळ्या बाजूला कललेलं असणं, चांगल्या हातापायाने त्या दिशेला ढकलणं, आणि कुणी सरळ करू लागलं की विरोध करणं. स्केल फॉर कॉन्ट्राव्हर्सिव्ह पुशिंग या मोजपट्टीत याच तीन गोष्टी बसून आणि उभं राहून पाहतात. प्रत्येकीला जास्तीत जास्त २, एकूण ६ गुण. काकूंचे ५.२५ आले. तिसरी खूण, विरोध, हीच निदानाला सर्वांत उपयोगी. नुसता अशक्तपणा असलेला रुग्ण सरळ केल्यावर सुटकेचा श्वास टाकतो. पुशर रुग्ण घाबरतो.

तो का घाबरतो? गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघतो, तसा शरीराचाही एक आतला ओळंबा असतो, आणि मेंदूतल्या इजेने तो हलतो. हान्स-ओटो कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की डोळे झाकलेले असताना या रुग्णांना आपलं शरीर सुमारे १८ अंश कललेलं असतानाच सरळ वाटतं, आणि हा कल मेंदूच्या इजा झालेल्या बाजूला असतो. उलट उभी रेघ डोळ्यांनी ओळखायला त्यांना फारशी अडचण नव्हती. पुढे २००८ मध्ये डॉमिनिक पेरेनू यांच्या गटाला कल विरुद्ध बाजूला सापडला, म्हणजे दिशेबद्दल मतभेद आहेतच. इंटर्नने दोन्ही वाचून विचारलं, “मग मॅडम, खरं कुठलं धरायचं?” उपचार करताना त्या वादाचा निकाल आधी लागायची गरज नाही, असं माझं मत. आतली सरळपणाची जाणीव भरवशाची राहिलेली नाही, एवढ्यावर दोघंही एक आहेत. कार्नाथ यांच्या निष्कर्षातून हाती धरण्याजोगं साधन मिळतं ते डोळे.

पुशिंग आणि निग्लेक्ट ही एकाच आजाराची दोन रूपं आहेत असं विद्यार्थी धरून चालतात. ती वेगळी आहेत. डाव्या अर्धगोलाला इजा झालेल्या रुग्णातही पुशिंग दिसतं आणि निग्लेक्ट असूनही पुशिंग नसलेले रुग्ण भरपूर असतात. काकूंना दोन्ही होतं, आणि पुढची सगळी अडचण त्यातूनच आली.

हात काढून घेणं

पहिली गोष्ट ठरली ती न करण्याची: धरून सरळ करायचं नाही. बाहेरून लावलेला जोर काकूंच्या मेंदूला ‘पडतेय’ असाच ऐकू जाणार आणि त्या आणखी रेटणार. त्यांना आधी आपण कललो आहोत हे डोळ्यांनी दिसायला हवं, मग सरळ होण्याची हालचाल स्वतः सापडायला हवी, आणि मग ती दुसरं काम करताना टिकवता यायला हवी.

ऐकायला सोपं. पण समोर माणूस कलंडत असताना हात मागे ठेवणं अंगवळणी पडायला वेळ लागतो. इंटर्न सुरुवातीला काकूंच्या डाव्या बाजूला बसायची, कारण पडल्या तर तिकडेच पडणार. तिचा खांदा टेकायला मिळाला की काकूंचं ढकलणं वाढायचं. रेटायला भिंत मिळाल्यासारखं. मग जागा बदलली. डावीकडे मदतनीस बसला, पण स्पर्श न करता, हात तयार ठेवून. इंटर्न उजवीकडे बसली आणि ‘सरळ बसा’ ही सूचना बंद करून “काकू, तुमचा खांदा माझ्या खांद्याला लावा” असं म्हणू लागली. ‘सरळ’ या सूचनेला काकूंच्या शरीरात अर्थच उरलेला नव्हता. खांद्याला खांदा लावणं मात्र समजत होतं. काही दिवसांत माणसाच्या खांद्याऐवजी भिंत आली: पलंग असा फिरवला की उजवा खांदा भिंतीला टेकेल. उजवा हात गादीवरून उचलून मांडीवर. रोवायला जागाच मिळाली नाही की कोपर ताठ होणं बरंच कमी होतं.

हे सगळं रक्तदाब पाहून. बरेच दिवस आडवं राहिलेल्या माणसाला बसवल्या-उठवल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याचं कारण आधी बघायचं, तोलाचं नंतर. काकूंना पहिल्या काही वेळी चक्कर आली ती यामुळे, आणि तिचा पुशिंगशी संबंध नव्हता.

चिमटे आणि उभा दांडा

आता दोन आजारांचा झगडा. निग्लेक्टसाठी वस्तू, खुणा, माणसं डावीकडे ठेवून नजर तिकडे वळवायची असते. इंटर्नने शिकल्याप्रमाणे दाराच्या चौकटीवर लाल पट्टी चिकटवली, ती काकूंच्या डाव्या हाताला, म्हणजे उभी रेघ आणि डावीकडची खूण एका दगडात दोन्ही. काकूंना ती दिसलीच नाही. चार-दोन वेळा आग्रह केल्यावर मान तिकडे वळवायच्या प्रयत्नात त्या आणखी डावीकडे कलल्या.

म्हणून क्रम लावावा लागला. आधी उभी रेघ जिथे त्यांना दिसते तिथे, मध्यापासून थोडी उजवीकडे. इंटर्नने स्टँडवर एक उभा दांडा बसवला आणि काकूंच्या उजवीकडे, खांद्याहून वर हात न्यावा लागेल इतक्या उंचीपर्यंत, त्याला कपड्यांचे चिमटे लावायचं काम दिलं. ही कल्पना पूर्ण तिची आणि ती मला फार आवडली. दांडा स्वतःच उभी रेघ आहे. वर-उजवीकडे हात नेताना शरीराचा भार आपोआप उजव्या कुल्ल्यावर जातो, आणि तो हात कामात असल्याने ढकलू शकत नाही. ‘भार उजवीकडे द्या’ असं कुणी एकदाही म्हणत नाही. काकू चिमटे मोजायच्या, रंगांप्रमाणे ओळी लावायच्या, कुणी चुकीच्या ओळीत लावला तर रागवायच्या. त्या रागात पाठ ताठ असायची.

नुसत्या व्यायामात ‘दहा वेळा उजवीकडे झुका’ सांगून हे साधत नाही, असं माझं ठाम मत आहे, निदान पुशर रुग्णात तरी. लक्ष स्वतःच्या तोलावर गेलं की बिघडलेल्या जाणिवेवरच जातं. कामावर गेलं की डोळे आणि हात मार्ग काढतात.

उजव्या कुल्ल्यावर भार टिकू लागला तेव्हा डावी बाजू हळूहळू खेळात आली. चिमट्यांची टोपली मध्यावर, मग मध्याच्या डावीकडे. उजवा खांदा भिंतीला टेकलेलाच ठेवून नजर डावीकडे न्यायची, टोपलीची लाल कड शोधायची, चिमटा घ्यायचा, उजवीकडे लावायचा. नजर एका बाजूला, भार दुसऱ्या. काकूंना हे जमायला चिमटे लावण्याहून कितीतरी जास्त वेळ लागला आणि दमल्या की सगळ्यात आधी हेच सुटायचं.

उठणं आणि वळणं

उठायला शिकवण्यात फार वेगळं काही नव्हतं: पावलं मागे घेऊन गुडघ्यांच्या आत, धड पुढे झुकवून नाक पायांच्या बोटांवर, मग उठायचं. सीट जितकी उंच तितका मांडीच्या स्नायूंवर ताण कमी, म्हणून सुरुवात उंच केलेल्या पलंगावरून. डाव्या गुडघ्यासमोर इंटर्नचा गुडघा, कमरेला ट्रान्सफर बेल्ट. उभं राहताना समोर चाकं असलेलं टेबल न ठेवता उजवीकडे भिंत ठेवली.

व्हीलचेअर कुठल्या बाजूला लावायची यावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. नेहमीचा पाठ असा की खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी, कारण चांगला पाय वळण्याचा भार घेतो. पुशर रुग्ण चांगल्या बाजूला जायलाच विरोध करतो, त्यामुळे काहीजण सुरुवातीला लुळ्या बाजूने ट्रान्सफर करतात, ते सोपं जातं. पण सोपं जातं ते ढकलण्याच्या दिशेनेच जायचं असतं म्हणून, आणि काकूंच्या बाबतीत खुर्ची डावीकडे म्हणजे न दिसणारी खुर्ची. आम्ही उजवी बाजू धरली आणि वळण दोन टप्प्यांत तोडलं: आधी उजव्या हाताने खुर्चीचा दूरचा हात धरून अर्धवट उठून कुल्ले थोडे सरकवायचे, पुन्हा बसायचं, मग उरलेलं. पूर्ण उभं राहून वळणं बरंच नंतर. डाव्या ब्रेकला लांब दांडी जोडून लाल पट्टी गुंडाळली, कारण तो ब्रेक त्या दर वेळी विसरायच्या.

शौचालयात

कमोडच्या उजव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला आडवा दांडा होता. बहुतेकांना तो वरदान असतो. काकूंना ढकलायला आयती जागा मिळाली. आडव्या दांड्यावर तळवा ठेवून खाली आणि बाहेर रेटता येतं. तोच दांडा उभा असेल तर रेटणं अवघड, त्याला धरून त्याच्याकडे येणं सोपं. त्यामुळे उभा दांडा बसवला, कमोडवर उंच सीट लावली.

तरीही कपडे वर ओढताना तोल जायचा. हे आम्ही आधी ताडायला हवं होतं असं नाही, ते काम करतानाच दिसतं: चांगला हात दांडा सोडून कपड्याकडे गेला की आधार शून्य. उपाय दोन झाले. उठण्याआधी बसल्या बसल्याच कपडा मांड्यांपर्यंत आणून ठेवायचा, म्हणजे उभं राहिल्यावर काम थोडकंच उरतं. आणि उभं राहिल्यावर उजवा कुल्ला व खांदा भिंतीला टेकवायचा, मग हात सोडायचा. पलंगावर खांदा भिंतीला लावण्याचा जो सराव झाला होता तो इथे थेट कामी आला. डाव्या बाजूचा कपडा मात्र अर्धवट खालीच राहायचा, आणि काकूंना ते कळायचं नाही.

काका

काकूंचे यजमान रोज बसून सगळं पाहायचे आणि आम्ही नसलो की त्यांना मिठी मारल्यासारखं धरून उचलायचे. प्रेमाने केलेली ही मदत सगळ्यात घातक. इंटर्नने त्यांना समजावण्याऐवजी काकूंच्या जागी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि न सांगता एका बाजूला खेचलं. त्यांचा हात ताबडतोब गादीवर रोवला गेला. त्यानंतर ते उजवीकडे उभं राहायला शिकले, ‘इकडे ये’ म्हणायला शिकले, आणि हात बेल्टपाशी ठेवून वाट बघायला. शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

घरी गेल्यावर एकदा मध्यरात्री कमोडवरून उठताना काकू डावीकडे कोसळता कोसळता वाचल्या. काकांनी झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नव्हता. इंटर्नला फोन आला तेव्हा तिने लगेच कारण सांगितलं: काकूंचा सरळपणा डोळ्यांवर चालतो, अंधारात तो उरत नाही. पलंगापासून कमोडपर्यंत रात्रभर दिवा, आणि दाराच्या चौकटीच्या उभ्या कडेवर चमकणारी पट्टी, यावेळी उजवीकडे.

पुढची स्थिती

चौथ्या महिन्याच्या तपासणीत बसलेल्या स्थितीत पुशिंगचे गुण शून्य होते, उभं राहताना फक्त दमल्यावर थोडं दिसायचं. हे अपेक्षेला धरून आहे. बहुतेक रुग्णांत पुशिंग सहा महिन्यांच्या आसपास मावळतं, त्यामुळे सगळं श्रेय चिमट्यांना देता येणार नाही. मधल्या काळात काकू पडल्या नाहीत, खांदा दुखरा झाला नाही आणि डायपर सुटला, याचं श्रेय मात्र घ्यायला हरकत नाही. बार्थेलमध्ये ट्रान्सफर १०, शौचालय ५. सीओपीएमवर कमोडच्या कामात ‘जमतं’ ६, समाधान ७. या मोजपट्टीवर दोन गुणांचा फरकही महत्त्वाचा मानतात.

निग्लेक्ट मागे रेंगाळलं आहे. स्टार कॅन्सलेशन ३९ वर आलं, म्हणजे अजून ४४ च्या खालीच. दारातून जाताना व्हीलचेअरची डावी बाजू चौकटीला घासते आणि लुळा हात मध्ये येतो, म्हणून एकट्याने खुर्ची चालवायला तूर्त परवानगी नाही. काकूंनी पुढचं उद्दिष्ट आपणहून बदललं आहे: कमोडवर बसताना काकांनी दाराबाहेर थांबायचं. त्यासाठी डाव्या बाजूचा कपडा नीट झाला की नाही हे त्यांना स्वतः तपासता यायला हवं. सध्या उजव्या हाताने कमरेची कड पूर्ण फिरवून डावीकडची शिवण हाताला लागेपर्यंत चाचपण्याचा सराव चालू आहे, आधी बसून, मग भिंतीला टेकून.